पुणतांब्याची लेक आणि अमेरिकेचे दफ्तर

ज्यांची समाधी आमच्या पुणतांब्यास गोदावरीच्या काठी आहे, आणि जे चौदाशे वर्षे जगले असे आमचे भाविक लोक आजही निःशंकपणे सांगतात, त्या चांगदेव महाराजांना एकदा ज्ञानदेवांस पत्र लिहावयाचे होते. परंतु समोरचा मुलगा वयाने धाकटा म्हणून त्यास ‘चिरंजीव’ म्हणावे, की अधिकाराने थोर म्हणून ‘तीर्थरूप’ म्हणावे, या मायन्याच्या पहिल्याच ओळीपाशी वाघावर बसणाऱ्या त्या सिद्धपुरुषाचे घोडे अडले आणि अखेर त्यांनी कोराच कागद धाडून दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्या कोऱ्या कागदास ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले, ही त्यांची थोरवी; परंतु सारी हयात सरकारी कचेरीत घालवलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला या कथेतील चांगदेवांचीच बाजू अधिक उमजते. रकाना कसा भरावा याविषयी मनाचा निश्चय होत नसेल तर तो कोरा सोडावा, हे धोरण आमच्याही कचेरीस मान्य होते, आणि अशा एखाद्या कोऱ्या रकान्याच्या आश्रयाने कित्येक प्रकरणे वर्षानुवर्षे सुखाने निद्रिस्त झालेली मी पाहिली आहेत. अमेरिकेच्या सरकारास मात्र हे धोरण मान्य नाही. तेथे रकाना कोरा राहिला तर संगणकावरचे पुढचे पानच उघडत नाही.

हे ज्ञान मला उतारवयात प्राप्त होण्याचे कारण असे की, माझ्या धाकट्या बंधूंच्या मुलीचा विवाह न्यू जर्सीतील एडिसन या गावी राहणाऱ्या एका मराठी मुलाशी झाला. मुलगा मूळचा आपल्याच बाजूचा. तिकडे नोकरीस लागून, हिरवे कार्ड मिळवून, यथाकाल तेथील नागरिकत्वाची शपथ घेतलेला. लग्नापुरती रजा काढून तो आला, बोहल्यावर उभा राहिला, सत्यनारायणास बसला, जेजुरीस जाऊन आला, आणि अंगावरची हळद पुरती उतरण्यापूर्वी विमानाने चालता झाला. मुलगी इकडेच राहिली. आमच्या समजुतीप्रमाणे लग्न होऊन चुकले होते. अमेरिकेच्या समजुतीप्रमाणे ते आता कोठे सुरू व्हावयाचे होते. तहसील कचेरीतून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो असल्यामुळे गावात कोठलाही लखोटा आला की तो प्रथम माझ्या ओट्यावर येतो. तसे बंधूही आले, आणि “दादा, तुम्हीच बघा आता. कागदाचं तुम्हाला कळतं,” असे म्हणून त्यांनी आपल्या लेकीचे भवितव्य एका प्लास्टिकच्या फाइलसह माझ्या स्वाधीन केले.

प्रकरण चालते कसे ते आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. नवऱ्याने तिकडे ‘आय-१३०’ नावाचा अर्ज दाखल करावयाचा, म्हणजे ही माझी धर्मपत्नी असून आमचा विवाह खरा आहे, असे आपल्या सरकारास कळवावयाचे. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशायर संस्थानातील पोर्ट्समथ येथे जे राष्ट्रीय व्हिसा केंद्र आहे त्याच्या दफ्तरी रुजू होते. तेथे वधूचा ‘डीएस-२६०’ हा अर्ज, नवऱ्याचे हमीपत्र आणि उभय पक्षांचे दाखले तपासले जातात. आणि सर्व कागद जमले अशी त्या केंद्राची खात्री पटली म्हणजे मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख पडते. प्रत्येक टप्प्यास फी आहे. २०२४च्या एप्रिलपासून लागू झालेल्या दराने पहिल्या अर्जास, तो संगणकावरून केल्यास, ६२५ डॉलर, व्हिसाच्या अर्जास ३२५, हमीपत्राच्या छाननीस १२० आणि शेवटी कार्ड छापण्यासाठी २३५. म्हणजे डॉक्टरी तपासणी व लसी वगळून १३०५ डॉलर. रकमेचे मला नवल वाटले नाही. नवल याचे वाटले की, प्रत्येक रकमेची पावती आपण होऊन येते. एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनास द्यावा असा आदर त्या क्षणी माझ्या मनात त्या अज्ञात खात्याविषयी उत्पन्न झाला, आणि पुढे पुष्कळ प्रसंग येऊनही तो सर्वस्वी नष्ट झालेला नाही.

परंतु त्या खात्याची एक श्रद्धा अशी आहे की, तिच्यापुढे आमच्या मुलुखातील मनुष्याने हात टेकावे. प्रत्येक मनुष्यास एक नाव, एक जन्मतारीख आणि एक पत्ता असतो, असे त्यास मनोभावे वाटते.

आमच्याकडे असा आग्रह कोणी कधी धरलेला नाही. बंधूंचेच उदाहरण घ्या. शाळेच्या दाखल्यावर ते भास्कर, सातबाऱ्यावर भाऊ, आधार कार्डावर भाऊसाहेब, मतदारांच्या यादीत भाऊराव आणि गावात अण्णा. पीककर्ज भाऊ काढतात, मत भाऊराव देतात, आणि वीजबिल तर आमच्या दिवंगत वडिलांच्याच नावाने येत असून तेही नियमितपणे भरले जाते. यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकास हे पाचही गृहस्थ एकाच ओट्यावर एकाच वेळी तंबाखू मळत बसलेले दिसतात. पण मुलीच्या नावामागे बापाचे नाव लावण्याची आपली रीत, त्यामुळे बापाच्या नावांचा हा सारा परिवार मुलीच्या कागदांत उतरला. दहावीच्या प्रमाणपत्रावर ती अश्विनी भास्कर झाली आणि पारपत्रावर अश्विनी भाऊसाहेब. त्यात विवाहप्रसंगी विहीणबाईंनी हौसेने नवे नाव काढले, जावयाने ते ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने गिरवले, आणि तांदूळ पुन्हा डब्यात जाण्याच्या आत एका उत्साही दिराने आधार केंद्रावर नेऊन तिच्या कार्डावर ‘श्रावणी’ छापून आणले. अर्जात प्रश्न होता, आपण आजवर आणखी कोणकोणत्या नावांनी ओळखल्या गेला आहात? मी नावे सांगत गेलो, मुलगी टंकीत गेली. वाचून पाहता ती यादी वधूची न वाटता एखाद्या फरारी इसमाच्या हुलियाची वाटू लागली.

या ठिकाणी मला आनंदीबाई जोश्यांची आठवण होते. कल्याणची यमुना लग्नात आनंदी झाली, १८८३ साली पतीला मागे ठेवून एकटी अमेरिकेस गेली, इंग्रजीत आपल्या आडनावाला दोन ‘ई’ लावून सही करू लागली, आणि १८८६च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. होऊन बसली, गोपाळराव तिच्या मागाहून तेथे पोहोचले. त्या काळी हिंदुस्थानातून तिकडे जाणारास व्हिसा लागत नसे, ही त्या दांपत्यावर ईश्वराची कृपाच म्हटली पाहिजे. कारण पतीने पत्नीच्या मागाहून यावयाचे, पत्नीचे माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे, माहेर-सासर दोन्हींचे आडनाव जोशीच, आणि त्याचेही इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या पसंतीचे, असे प्रकरण आज पोर्ट्समथच्या केंद्रात गेले असते तर आनंदीबाईंची पदवी हाती आली असती तरी गोपाळरावांचा लखोटा छाननीतच पडून राहिला असता. पुढे १९१७ साली त्या देशाने आपल्या लोकांस दरवाजाच लावून घेतला, १९४६ साली तो वर्षाकाठी शंभर माणसांपुरता किलकिला केला, आणि १९६५च्या कायद्याने तो रीतसर उघडला. दरवाजा उघडल्यावर मात्र उंबऱ्यावर अर्ज ठेवण्यात आला.

नावांनंतर तारखांचा विषय निघाला. डीएस-२६० या अर्जात अर्जदाराच्या मातापित्यांच्याही जन्मतारखा मागतात. मुलीचा स्वतःचा जन्म रीतसर नोंदलेला होता. पण बंधूंची जन्मतारीख १ जून, वहिनींची १ जून, आणि सहज चौकशी केली तो व्याह्यांचीही १ जून. ज्यांचे बालपण खेड्यात गेले आहे अशा वाचकांना याचा उलगडा करून सांगण्याची गरज नाही. शाळेत नाव घालावयास आलेल्या बापास पोराचा जन्म ‘मोठ्या पुराच्या साली’ किंवा ‘तांबड्या गाईच्या मागचा’ एवढेच ठाऊक असे, आणि जून महिन्यात शाळा उघडताना पोर वयात बसावे म्हणून गुरुजी १ जून ठोकून देत. माझीही जन्मतारीख तीच असून सेवानिवृत्तीचा माझा निरोपसमारंभ इतर तिघांबरोबर एकाच हारांच्या ऑर्डरीत उरकण्यात आला होता. इतकेच काय, २०१७ साली आमच्या पुणतांब्याच्या ग्रामसभेने ठराव करून जो शेतकऱ्यांचा संप पुकारला आणि ज्याने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला, तोही १ जूनलाच सुरू झाला; म्हणजे निम्मे गाव आपल्या सरकारी वाढदिवशी संपावर गेले, असा इतिहासात दाखला आहे. “एवढ्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी कसा, असं त्यांनी विचारलं तर?” असे मुलीने विचारले. मी तिला सांगितले की, आपण होऊन खुलासा करू नये. खुलासा हा विचारल्यावर द्यावयाचा असतो, आणि तोही विचारला असेल तेवढाच. चाकरीतले हे एकच तत्त्व मला आयुष्यभर उपयोगी पडले आहे.

जन्मस्थळ तरी निर्विवाद असेल अशी माझी अपेक्षा होती, कारण मुलगी पुणतांब्यातच आमच्या राहत्या घरी जन्मली. परंतु तिच्या जन्माच्या दाखल्यावर तालुका कोपरगाव, जिल्हा अहमदनगर; मध्यंतरी राहाता हा नवा तालुका होऊन गाव तिकडे गेले; आणि प्रकरण ऐन रंगात असता २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नामांतराबद्दल तक्रार नाही. अहिल्याबाईंनी बांधलेला घाट आमच्या नदीवर आहे, तेव्हा त्यांचे नाव सर्वांत आधी आम्हीच घ्यावे. पण पाळण्यातून उठून कोठेही न जाता एका मुलीचा तालुकाही बदलला आणि जिल्हाही, ही गोष्ट त्या अर्जाच्या रकान्यांत बसवताना माझ्यासारख्या मुरलेल्या माणसासही घाम फुटला. त्यातून गावाचे नाव रेल्वेच्या पाटीवर पुणतांबा, आणि जुन्या कागदांत व जुन्या तोंडांत पुणतांबे. वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते मागितले होते. घर क्रमांक, रस्ता, मजला. आमच्या घरास क्रमांक आहे, तो घरपट्टीच्या पावतीवर असतो आणि पावती सापडत नाही. रस्त्याला नाव नाही. आणि मजला एकच असल्यामुळे तो कितवा हे सांगण्याची वेळ आजवर आली नव्हती.

आता विवाहाच्या पुराव्याकडे वळतो. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे खेड्यात विवाह निबंधक म्हणजे ग्रामसेवक. नोंदणीच्या नमुन्यावर वधूवरांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताचीही सही लागते. साक्षीदार तीन काय, तीनशे मिळाले असते. अडचण आली ती गुरुजींची. त्या दिवशी तिथी दाट होती, गुरुजींनी पहाटेपासून चार गावी मंगलाष्टके म्हटली होती, आणि आम्ही नमुना घेऊन गेलो तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, “यातलं तुमचं कोणतं?” मुहूर्त सांगितला, मांडव सांगितला, जेवणात जिलबी होती हेही सांगितले. गुरुजी म्हणाले, “सही करतो, पण सरकारी कागद आहे, मी तिथं होतो याला काही पुरावा?” अल्बम आणला. नव्वद पानांच्या त्या ग्रंथात गुरुजी एकाच छायाचित्रात निघाले, आणि तेही अंतरपाटाच्या मागे. अक्षता टाकणारा एक हात आणि मनगटावरचे घड्याळ एवढेच दिसत होते. गुरुजींनी मनगट चित्राशेजारी धरून घड्याळ ताडून पाहिले, समाधानाने मान हलवली आणि मग सही केली. अमेरिकेच्या वकिलातीत मी पुढे जी दक्षता ऐकली, तिच्यापेक्षा ही कमी होती असे मला म्हणवत नाही.

तो अल्बम हा आणखीही एका पेचाचे मूळ ठरला. विवाह मनापासूनचा आहे, केवळ व्हिसासाठी केलेला नाही, हे दाखवण्यास जोडप्याची एकत्र छायाचित्रे जोडावी लागतात. शेकडो छायाचित्रांत जोडपे होते; परंतु प्रत्येकात त्यांच्या उजव्या हातास एक मामा आणि डाव्या हातास आहेराचे पाकीट धरलेला एक सहकारी संस्थेचा संचालक होता. दोघेच असलेले चित्र एकही नव्हते, कारण दोघेच असण्याचा प्रसंगच कोणी येऊ दिला नव्हता. शेवटी जेजुरीच्या पायऱ्यांवर जावयाने स्वतःच्या हाताने काढलेले एक चित्र मिळाले. दोघांची तोंडे भंडाऱ्याने इतकी पिवळी झाली होती की नवरा कोणता व बायको कोणती हे मंगळसूत्रावरून ठरवावे लागले. तेच जोडले.

डीएस-२६० या अर्जाच्या उत्तरार्धात सुरक्षिततेचे प्रश्न आहेत. ते आम्ही एका संध्याकाळी पडवीत बसून सोडवले, आणि आमच्या मातोश्री, म्हणजे मुलीची आजी, वाती वळीत ऐकत होत्या. आपण स्फोटकांचे, अण्वस्त्रांचे वा रासायनिक शस्त्रांचे शिक्षण घेतले आहे काय? नाही. आपण नरसंहारात भाग घेतला आहे काय? नाही. बालसैनिकांची भरती केली आहे काय? सक्तीने मानवी अवयव काढून त्यांचे रोपण करण्यात आपला हात होता काय? अमेरिकेत जाऊन बहुपत्नीत्व आचरण्याचा आपला इरादा आहे काय? या शेवटच्या प्रश्नावर मातोश्रींनी वात खाली ठेवली. “अरे, लेकीला नांदायला धाडायचंय का लढाईला?” त्या म्हणाल्या, आणि मग थोडा विचार करून, “आणि दुसरं लग्न करायचं असेल तर ते अर्जात कोण लिहील?” मी तीस-पस्तीस वर्षे प्रश्नावल्या तयार केल्या, त्यांवर शेरे मारले, त्यांची फेरतपासणी केली, पण या खात्याच्या प्रश्नावलीतील मूळ दोष इतक्या थोड्या शब्दांत मला दाखवता आला नसता. शेवटी, आपण कोणत्या संस्थांचे सदस्य आहात, असा प्रश्न आला. मुलगी महिला बचत गटात होती. ती नोंद झाली. २०१७च्या संपात तिने रस्त्यावर बसलेल्यांना पाण्याचे तांबे नेऊन दिले होते, ते सदस्यत्व ठरते काय, यावर बंधूंचा व माझा बराच खल झाला. पावती फाडली नव्हती, सबब सदस्यत्व नाही, असा निकाल मी दिला.

हमीपत्राविषयी मात्र मला मनापासून दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण त्या देशाच्या राज्यकारभाराचे मर्म मला त्यात सापडले. ‘आय-८६४’ असे त्याचे नाव. नवऱ्याचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या किमान सव्वापट असले पाहिजे, आणि बायको सरकारावर भार होऊ नये याबद्दल त्याने जामीन राहावयाचे. कमी पडल्यास दुसरा जामीनदार आणावयाचा. येथवर सारे आमच्या विकास सोसायटीसारखेच आहे, जेथे गावातील प्रत्येक खातेदार दुसऱ्या प्रत्येकाचा जामीन असल्यामुळे वसुलीस कोणाकडे जावे हाच प्रश्न पडतो. परंतु तिकडच्या हमीची मुदत पाहा. बायको नागरिक होईतो, किंवा तिच्या खाती नोकरीच्या चाळीस तिमाह्या जमा होईतो, किंवा ती देश कायमचा सोडीतो, किंवा मृत्यू येईतो ती हमी चालू राहते, आणि घटस्फोटाने ती संपत नाही. पुन्हा वाचून खात्री करून घेतली. लग्न मोडू शकते. जामीन मोडत नाही. आमच्याकडे सात जन्मांचे वचन अग्नीसमोर तोंडी घेतात आणि त्यानंतर कोणी विचारीत नाही. त्यांनी एकाच जन्माचे घेतले, पण कागदावर घेतले. जावयाने सही केली हे कळल्यावर बंधू प्रथमच त्याच्याविषयी ‘जबाबदार मुलगा’ असा शब्द बोलले.

मुलाखतीसाठी आम्ही मनमाडमार्गे मुंबईस गेलो. जुन्या लोकांच्या आठवणीत अमेरिकेची वकिलात म्हणजे ब्रीच कँडीचे लिंकन हाऊस, वांकानेरच्या महाराजांचा तो समुद्रकाठचा वाडा. २०११ साली ती तेथून उठून वांद्रे-कुर्ला संकुलात आली. आत मोबाइल नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही, आणि काका तर मुळीच नेता येत नाहीत. तेव्हा मी समोरच्या फुटपाथवर इतर काका-मामांच्या समुदायात उभा राहिलो. हातात पारदर्शक फाइल, पायात नवी पादत्राणे आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेची कळा, अशी माणसे एकेक करून आत जात होती. माझ्या शेजारी एक गुजराती आजोबा कोटाच्या गुंड्या लावून नातीकडून उत्तरे पाठ करून घेत होते. “दादाजी, इतना नहीं बोलना है,” असे ती दर उत्तरानंतर सांगे, आणि ते पुढचे उत्तर आणखी लांबवीत. मातोश्रींनी निघताना मुलीस एखादा चांगलासा उखाणा पाठ करून जाण्याची आज्ञा केली होती, ती मी वाटेत रद्द ठरवली. सरकारी जबानीत यमक असले की संशय येतो.

आत काय झाले ते मुलीने बाहेर आल्यावर सांगितले. बोटांचे ठसे घेतले, उजवा हात वर करून खरे सांगेन अशी शपथ दिली, आणि काचेपलीकडच्या तरुण अधिकारी बाईंनी अगदी सौम्यपणे विचारण्यास आरंभ केला. नवरा काय करतो, कोठे राहतो, घरात कोण कोण. मग, “लग्नापूर्वी तुम्ही एकमेकांशी एकांतात बोललात का?” मुलगी म्हणाली, “हो, गच्चीवर. दहा मिनिटं.” “दोघेच?” “दोघेच. म्हणजे माझा धाकटा भाऊ होता.” बाईंनी काहीतरी टंकले. “लग्नाला किती लोक होते?” “आठशे.” टंकणे थांबले. “आठशे?” मुलीस वाटले, बाईंना आकडा फार लहान वाटला, आणि तिने कुळाची अब्रू सावरण्यासाठी सांगितले, “त्या दिवशी तिथी दाट होती, म्हणून कमी आले.” “त्या सगळ्यांना तुम्ही ओळखता?” “नाही. पण ते सगळे आम्हाला ओळखतात.” बाई हसल्या, असे मुलगी म्हणाली, आणि मला वाटते, प्रकरणाचा निकाल तेथेच झाला होता. गुरुजींचे घड्याळ, जेजुरीचे छायाचित्र, तीन साक्षीदार यांकडे बाईंनी ढुंकूनही पाहिले नाही.

त्यांनी पाहिले ते मुलीच्या आईच्या नावाकडे. पारपत्रावर आई सुनंदा. जन्माच्या दाखल्यावर आई कुसुम. वहिनींचेही नाव लग्नात बदलले होते, आणि बाळंतपणास आलेल्या त्यांच्या मातोश्रींनी जन्माची नोंद देताना आपल्या लेकीचे माहेरचेच नाव सांगितले होते. सांगणारच, लेक त्यांची होती. तेव्हा २२१(जी) या कलमाची एक चिठ्ठी हाती आली, आणि सुनंदा व कुसुम या एकच होत याचा पुरावा मागण्यात आला. मागणी रास्त होती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता, आणि वर एक प्रत जास्त मागितली असती. जन्माचा साक्षी म्हणून मी एक प्रतिज्ञापत्र केले, आणि दुसरे केले आमच्या गावच्या वयोवृद्ध सुईणबाईंनी. त्यांनी नोटरीसमोर बसून अंगठा उठवण्यापूर्वी वहिनींकडे नीट निरखून पाहिले आणि सांगितले, “कुसुमबी हीच अन् सुनंदाबी हीच. पोरगी पायाळू. लिहा.” पायाळू हा शब्द इंग्रजी भाषांतरकाराने गाळला, ते बरेच केले.

हे कागद रवाना करताना मला प्रथमच प्रकरणाच्या क्रमांकाकडे निवांतपणे पाहता आले. त्याच्या आरंभी तीन अक्षरे असतात, ती वकिलातीच्या शहराची. आमच्या क्रमांकाच्या आरंभी होते ‘बीएमबी’. या शहराचे अधिकृत नाव १९९५ साली मुंबई झाले. आम्हाला आमच्या उर्फांची यादी मागणारे हे दफ्तर स्वतः मात्र मुंबईला अजून माहेरच्याच नावाने हाक मारते, हे पाहून माझा त्याच्याविषयीचा आदर कमी झाला नाही. उलट, तेथेही कोणीतरी आमच्यापैकीच बसलेला आहे, असे वाटून तो दृढ झाला.

व्हिसा मिळाला. मुलगी एडिसनला पोहोचली, आणि फोनवरून कळवते की तिकडे तिला शेजारी ‘अ‍ॅश’ म्हणतात. ते यादीत घालावे काय, असा तिचा प्रश्न आहे, आणि तो गैरलागू नाही. विवाहास दोन वर्षे होण्यापूर्वी ती तेथे दाखल झाल्यामुळे तिचे कार्ड सशर्त आहे, दोनच वर्षांचे. ती मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत ‘आय-७५१’ हा अर्ज करून विवाह अजूनही खरा आहे, हे नव्याने सिद्ध करावयाचे आहे. त्यासाठी लागणारी दोघांची छायाचित्रे आतापासूनच काढून ठेवा, आणि मध्ये कोणासही उभे राहू देऊ नका, असे मी त्यांस कळवले आहे.

ज्यांच्या घरी परदेशस्थ जावई येऊ घातला आहे अशा वाचकांना माझी विनंती आहे. मुलीचे नवे नाव तांदळांवर हव्या तेवढ्या हौसेने लिहा, पण आधार केंद्राकडे कोणास फिरकू देऊ नका. जन्माच्या दाखल्यावर आईचे नाव कोणते आहे ते साखरपुड्यापूर्वी पाहून घ्या. आणि विवाहनोंदणीच्या नमुन्यावर गुरुजींची सही घ्यावयाची ती दक्षिणा देण्यापूर्वी घ्या.